यानं पासवर्ड विचारलाच नाही

मावशीचा लॅपटॉप एका सकाळी सुरूच होईना. म्हणजे दिवा लागायचा, पंखा घरघरायचा, चिन्ह उमटायचं आणि पुढे नुसते ठिपके गोल गोल फिरत राहायचे. तिला लॅपटॉपचं फारसं सुखदुःख नव्हतं, त्यातले फोटो हवे होते. मी खिशातला, स्वतःचीच सिस्टीम असलेला पेनड्राइव्ह लावला, सुरू होताना एफ१२ दाबून कुठून सुरू व्हायचं ते विचारणारा बूट मेनू उघडला आणि थोड्या वेळात तिच्याच पडद्यावर भलताच डेस्कटॉप आला. वेगळं चित्र, वेगळा कर्सर, खाली वेगळी पट्टी. तिची हार्डडिस्क मात्र डावीकडे निमूट दिसत होती. मी ती फक्त वाचण्यापुरती माउंट केली, म्हणजे जोडून घेतली, एकात एक फोल्डर उघडत गेले आणि फोटो सापडले. ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी व्हायला लागल्यावर मी जरा ऐटीतच मावशीकडे पाहिलं. तिला आनंद झाला होता, पण अर्धाच. "अगं, पण यानं पासवर्ड विचारलाच नाही," ती म्हणाली. मी सांगितलं, "मावशी, ही वेगळी सिस्टीम आहे. हिला तुझा पासवर्ड ठाऊकच नाही." त्यावर ती म्हणाली, "तेच तर म्हणतेय मी. मग इतकी वर्षं रोज सकाळी मी तो कुणासाठी टाइप करत होते?"

फोटो सगळे मिळाले. प्रश्न तेवढा राहिला.

तो डोक्यातून जाईना याला कारण होतं. डिस्कवरून थेट चालणाऱ्या सिस्टीम मी पहिल्यांदा वापरल्या तेव्हा मला नेमकी याच गोष्टीची भुरळ पडली होती. कुणाला विचारायचं नाही, काही बसवायचं नाही, मशीनमध्ये आधी कोण नांदतंय याच्याशी कर्तव्य नाही. माझी सुरुवात क्नॉपिक्स या सीडीवरून चालणाऱ्या लिनक्सपासून झाली; लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मुक्त सिस्टीम. सीडीची अख्खी प्रत असलेली आयएसओ फाइल रडतखडत डाउनलोड केलेली, ती अखंड उतरली का ते सांगणारी एमडी५ बेरीज अक्षरन् अक्षर जुळवून पाहिलेली, मग हिरवट झाक असलेल्या कोऱ्या सीडीवर मुद्दाम कमी वेगानं बर्न केलेली आणि वर मार्करनं नाव लिहिलेली. ट्रे आत गेला की ड्राइव्ह आधी दोन-तीनदा चाचपडायचा, मग सूर चढवत चढवत एका पट्टीवर स्थिरावायचा. काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकायचा. एंटर दाबलं की रंगीत ओळी पळू लागायच्या. प्रोसेसर सापडला, साउंडकार्ड सापडलं, माऊस सापडला. आज हे वाचून कुणाला काही वाटणार नाही. पण तेव्हा लिनक्स बसवायचं म्हणजे मॉनिटरचा आडवा आणि उभा रिफ्रेश रेट त्याच्या माहितीपत्रकातून हुडकून स्वतःच्या हातानं एका फाइलीत लिहावा लागे, आणि आकडा चुकला की समोर काळोख. आणि ही सीडी! तिनं हे मशीन जन्मात पाहिलेलं नसे, तरी मिनिटाभरात ती त्याची सगळी कुंडली मांडून मोकळी व्हायची. डेस्कटॉप उघडताना स्पीकरमधून एक आवाज सुरुवातीची वर्दी द्यायचा. त्या आवाजाचा खरा अर्थ एवढाच होता की चला, साउंडकार्ड चाललं.

क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्यानं २००० साली पहिलं क्नॉपिक्स काढलं, ते डेबियन या लिनक्सच्या पायावर. आपली नेहमीची हत्यारं कुठल्याही मशीनवर सोबत असावीत एवढीच त्याची मूळ गरज होती. सीडीत मावतात ७०० एमबी. त्यानं त्यात साधारण दोन जीबीचा ऐवज बसवला. सगळी फाइल सिस्टीम आधीच दाबून ठेवायची, आणि जो तुकडा लागेल तेवढाच वाचताना उलगडायचा. गंमत म्हणजे या दाबण्यानं वेगही वाढायचा, कारण सीडीवरून कमी बाइट आणावे लागत आणि उलगडण्याचं काम प्रोसेसर बसल्या बसल्या करून टाके. ही कल्पना तशी त्याच्याही आधीची. १९९२ च्या अखेरीस इग्ड्रासिल नावाचं लिनक्स सीडीवर निघालं होतं आणि ते सीडीवरूनच चालवता येत असे. मात्र त्या काळच्या ड्राइव्हच्या वेगात ते चालवणं ही सहनशक्तीची परीक्षा होती, शिवाय सुरुवात करायला फ्लॉपी लागायचीच, कारण सीडीवरून बूट कसं व्हायचं ते मशीनला ठाऊकच नव्हतं. ते १९९५ च्या 'एल टोरिटो' या मानकानं शिकवलं. फिनिक्स आणि आयबीएम या दोन कंपन्यांनी मिळून ते केलं. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. सीडीवर फ्लॉपीची हुबेहूब प्रतिमा ठेवायची आणि बायोसला, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्रामला, सांगायचं की ही घे तुझी फ्लॉपी. बायोस बिचारा विश्वास ठेवतो. म्हणजे पुढचा सगळा थाट उभा राहिला तो एका निरुपद्रवी थापेवर.

वेगाचं बोलायचं तर सीडीचा मूळ वेग सेकंदाला १५० केबी. ड्राइव्हवर ५२ एक्स असं ठसठशीत छापलेलं असलं तरी तो वेग फक्त चकतीच्या कडेला, सलग वाचताना मिळायचा. खरी रखडपट्टी होती ती वाचणाऱ्या डोक्याला इकडून तिकडे जायला लागणाऱ्या वेळाची. हार्डडिस्कला जिथे दहाएक मिलिसेकंद लागतात तिथे सीडी ड्राइव्हला शंभराच्या आसपास. प्रोग्राम उघडायचा म्हणजे शेकडो बारक्या फाइली गोळा करायच्या, आणि त्या पसरलेल्या सगळ्या चकतीभर. म्हणून मग डिस्क बनवणारे लोक बूट होताना कुठली फाइल कितव्या नंबरला लागते याची नोंद काढून त्याच क्रमानं त्या चकतीवर मांडायचे. वापरणाऱ्याला यातलं काही दिसत नसे, ऐकू मात्र यायचं. आयकॉनवर क्लिक केल्यावर पडद्यावर काहीच हलायचं नाही, पण आतून चकती वेग घेतल्याचा आवाज यायचा आणि कळायचं की निरोप पोचला. मग खर्र-खट्, खर्र-खट्. तो थांबला की खिडकी उघडणार. दुसऱ्यांदा तोच प्रोग्राम उघडला की आवाजच नाही, झटकन समोर. पहिल्या फेरीतलं सगळं रॅममध्ये, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीत, राहिलेलं असे. कॅश म्हणजे काय हे मला पुस्तकातून कधी नीट कळलं नाही. कानांनी कळलं.

आणि इथेच तो खरा कुतूहलाचा प्रश्न येतो. सीडीवर काही लिहिता येत नाही. तरी मी डेस्कटॉपवर फोल्डर करत होते, पार्श्वभूमी बदलत होते, नवे प्रोग्रामसुद्धा बसवत होते. हे सगळं जात कुठे होतं?

सुरुवातीच्या क्नॉपिक्समध्ये लिहिण्याजोग्या थोड्या जागा रॅममध्ये केलेल्या असत, बाकी सगळं दगडासारखं. २००५ मध्ये त्यात युनियनएफएस आलं आणि चित्र पालटलं. त्यानंतर एयूएफएस, आणि २०१४ च्या अखेरीपासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, ओव्हरलेएफएस. तत्त्व तिन्हींचं एकच. खाली डिस्कवरचा न बदलणारा थर, वर रॅममधला कोरा थर, आणि आपल्याला दिसतं ते दोन्हींचं मिळून एक. छापील नकाशावर बटरपेपर ठेवून पेन्सिलीनं खुणा कराव्यात तसं. खालच्या थरातल्या फाइलीत एक अक्षर बदललं, तरी आधी ती अख्खी फाइल वरच्या थरात उचलून आणली जाते आणि मग बदल होतो. पण मला खरी मौज वाटली ती फाइल पुसण्याची. जी वस्तू मुळातून काढताच येत नाही ती काढली असं भासवायचं कसं? मी एकदा वरचा थर उघडून पाहिला. जी फाइल मी पुसली होती तिच्याच नावाची एक विचित्र नोंद तिथे बसलेली होती. यादीत तिच्या ओळीच्या सुरुवातीला साध्या फाइलीची आडवी रेघ नव्हती, उपकरणाची खूण होती, आणि जिथे आकार लिहिलेला असतो तिथे होतं '०, ०'. हे कुठल्याही उपकरणाचं नाव नव्हे. हा निव्वळ संकेत आहे, की खाली या नावाचं काही असलं तरी दाखवू नकोस. म्हणजे पुसायलासुद्धा काहीतरी लिहावं लागत होतं. हा प्रकार कळल्यावर मी त्या सिस्टीमवर फार अत्याचार केले. सिस्टीमचे महत्त्वाचे फोल्डर उडवून बघितले, परवानग्या काढून घेतल्या, चालू प्रोसेस मारल्या. पाहता पाहता डेस्कटॉप कोसळायचा, मेनू रिकामे व्हायचे, आणि मग पॉवरचं बटण. पुन्हा सुरू केलं की सगळं जागच्या जागी. बसवलेल्या सिस्टीमवर असला आचरटपणा करायची कुणाची छाती होणार नाही, आणि त्यामुळेच बसवलेली सिस्टीम वर्षानुवर्षं वापरूनही तिच्यात कुठलं पान कुठल्या फांदीला आहे ते आपल्याला कळत नाही.

एकदा या पाण्यात उतरले आणि मग काही धरबंध राहिला नाही. बॅरी कॉलर या ऑस्ट्रेलियन माणसानं २००३ मध्ये काढलेलं पपी, जे अख्खंच्या अख्खं रॅममध्ये जाऊन बसतं. ५० एमबीत मावणारं डॅम स्मॉल लिनक्स, जे व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या सीडीवर राहायचं. हेच २०२४ मध्ये पुन्हा अवतरलं तेव्हा त्याला अख्ख्या सीडीएवढी जागा लागली. दोष त्याचा नाही, आजचे ब्राउझर तेवढे आडवेतिडवे वाढलेत. चेक देशातलं स्लॅक्स. बीओएस या जुन्या सिस्टीमची आठवण जागती ठेवणारं हायकू, ज्याच्या पिवळ्या टॅबच्या खिडक्या बघूनच बरं वाटतं. आणि या सगळ्यांच्या वरताण म्हणजे १९९९ ची क्यूएनएक्स या सिस्टीमची प्रात्यक्षिक फ्लॉपी. १.४४ एमबीत खिडक्यांचा डेस्कटॉप आणि चालता ब्राउझर. ती पाहिल्यापासून कुठलंही ॲप दोनशे एमबीचं अपडेट मागायला लागलं की माझ्या कपाळावर आठी येते.

तरीही एक गोष्ट कबूल करायला हवी, आणि ती या छंदातल्या बऱ्याच जणांना रुचत नाही. या मार्गानं सिस्टीम फारशी कळत नाही. डिस्क लावून दोन तास फिरलं की कळतं काय, तर तिचं आपल्या मशीनशी जमतं का. वायफाय दिसतं का, आवाज येतो का, झाकण मिटवून उघडल्यावर मशीन जागं होतं का, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवता येतं का. हे कळणं थोडं थोडकं नाही. कित्येक डिस्क वायफायपाशीच अडायच्या, कारण वायफायच्या चिपला लागणारं फर्मवेअर, म्हणजे तिच्यात भरायचा प्रोग्राम, मुक्त परवान्याचं नसायचं आणि तत्त्वाला धरून ते डिस्कवर ठेवलेलं नसायचं. ते नेटवरून घ्यावं म्हटलं तर नेटच नाही. डेबियननं २०२२ मध्ये सभासदांचं मतदान घेऊन हा सोवळेपणा सैल केला आणि २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून फर्मवेअर अधिकृत डिस्कमध्ये आलं. मला तो निर्णय उशिराचा पण शहाणपणाचा वाटतो. पण सिस्टीमचा स्वभाव कळतो तो सहा महिन्यांनी, अपडेट फसल्यावर, डिस्क भरल्यावर, प्रिंटर ऐन वेळी रुसल्यावर. डिस्कवरची सिस्टीम कधी म्हातारी होत नाही. ती दर वेळी पहिल्याच दिवसाची असते आणि पहिल्या दिवशी सगळेच गोड बोलतात. आपण वीस-पंचवीस सिस्टीम वापरून पाहिल्यात असं कुणी सांगू लागलं की मला हटकून विचारावंसं वाटतं, त्यातली एखादी बिघडल्यावर दुरुस्त केली होती का?

या सगळ्यात क्नॉपिक्सचा एक भाग मात्र फक्त चाखण्याचा नाही. क्नॉपरची पत्नी आड्रियाने हिला दृष्टीची अडचण. तिच्यासोबतीनं घडलेली 'आड्रियाने' नावाची पद्धत २००७ पासून क्नॉपिक्समध्ये आहे. डिस्क लावली की मशीन बोलू लागतं, आणि मेनू बाणांच्या कळांनी ऐकत ऐकत चालवता येतो. मी ती पडदा बंद करून वापरून पाहिली. मेल वाचण्यापर्यंत पोचले आणि मग वाटेत हरवले. ते असो. ज्याला दिसत नाही त्याला परक्या मशीनवर आधी काहीतरी बसवून घ्यावं लागतं, त्यासाठी दिसणाऱ्या माणसाला विनवावं लागतं, आणि ही डिस्क ते विनवणंच संपवते. कुणाची परवानगी न लागण्याची जी मौज मला वाटत होती ती इथे मौज राहत नाही, फार निकडीची गोष्ट होते.

विसरण्याचंही तसंच. पपी पहिल्यांदा बंद करताना विचारतं, की आत्तापर्यंतचं काम कुठे जपून ठेवायचं आहे का? साधा प्रश्न, पण त्यानं माझी दर वेळी पंचाईत व्हायची. हो म्हटलं की ती नेहमीसारखीच एक सिस्टीम झाली, तिच्यात माझा कचरा साठणार. नाही म्हटलं की नुकतंच नीट बसवलेलं सगळं गेलं. पपीनं तर सीडीवरच्या उरलेल्या कोऱ्या जागेत दर बैठकीचं काम पुढे पुढे लिहीत जायचीही सोय केली होती, म्हणजे न पुसता येणाऱ्या चकतीवर दिवसांचे थर. टेल्स नावाची सिस्टीम २००९ पासून दुसऱ्या टोकाला उभी आहे. विसरणं हेच तिचं काम. बंद होताना ती रॅमवरून पुसणं फिरवते, आणि चालू असताना यूएसबी ओढून काढली तर तत्क्षणी मशीन मिटवते. क्नॉपिक्समध्ये 'टूरॅम' लिहून बूट केलं की याच्या अगदी उलट, सगळं रॅममध्ये उतरल्यावर सीडी काढून खुशाल खिशात घालावी, सिस्टीम चालत राहते. एकीला डिस्क गेल्याचं समजलंच पाहिजे आणि दुसरीला समजायचं कारण नाही. पुसणं फिरवायची गरज पडते कारण रॅम वीज जाताच कोरी होते हेही पूर्ण खरं नाही. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की वीज गेल्यावरही तिच्यातला मजकूर काही सेकंद टिकतो आणि चिप गोठवली तर मिनिटं मिनिटं. मी इतकी वर्षं निश्चिंतपणे पॉवरचं बटण दाबत आले ते अर्धवट माहितीवर.

तर मावशीच्या प्रश्नाचं उत्तर यात कुठेतरी होतं. तिचा पासवर्ड मशीनचा नव्हता, मशीनवर बसवलेल्या एका सिस्टीमचा होता. ती सिस्टीम जागी असेल तोवर ती दारात उभी राहून विचारणार. तिला झोपेतच ठेवून दुसरीला उठवलं तर विचारणारं कुणी नाही, आणि डिस्कवरचे फोटो हे शेवटी कुणालाही वाचता येणारे बाइट. हे मी तिला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला असता तर?" मी डिस्क एन्क्रिप्ट करण्याबद्दल सांगितलं, म्हणजे बाइटच कुलपात. त्यावर तिचा पुढचा प्रश्न: "मग आज तू फोटो काढू शकली असतीस?" नसतेच काढू शकले, निदान रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय. ती कुठे लिहून ठेवायची, हरवली तर काय, यावर आमचं बराच वेळ चाललं. निकाल काही लागला नाही. जी डिस्क वाचवते तीच घरफोडीही करते, आणि एकीचा बंदोबस्त केला की दुसरीचाही होतो. बायोसला पासवर्ड लावणं, सिक्युअर बूट, हे उपाय आहेत, पण पेच त्यांच्यानं सुटत नाही. सिक्युअर बूट तर फक्त डिस्कवरची सही ओळखीची आहे का तेवढं तपासतं, आणि माझ्या पेनड्राइव्हवरच्या सिस्टीमची सही रीतसर होती.

सीडी ड्राइव्ह आता बहुतेक लॅपटॉपमध्ये नसतात. बंद करताना मात्र काही सिस्टीम अजून सांगतात, डिस्क काढा, ट्रे असल्यास बंद करा आणि एंटर दाबा. ते 'असल्यास' कुणीतरी विचार करून घातलंय. पेनड्राइव्हवर सगळं भराभर उघडतं, आवाज नाही, वाट बघणं नाही. त्याची मला फारशी हळहळही वाटत नाही, खर्र-खट् हा आवाज आठवणीत जितका गोड आहे तितका ऐकताना नव्हता. मला खटकतो तो डेस्कटॉपवरचा 'इन्स्टॉल करा' हा आयकॉन. उबंटू या लिनक्सनं २००६ च्या ६.०६ आवृत्तीत चाखायची आणि बसवायची अशा दोन वेगळ्या सीड्यांची एकच केली, आणि सोयीचं असल्यानं मग सगळ्यांनीच तो कित्ता गिरवला. तेव्हापासून डिस्कवरून चालणारी सिस्टीम ही दुकानाच्या दर्शनी काचेसारखी सजली, दोन तास बघा आणि घेऊन टाका. क्नॉपिक्सही हार्डडिस्कवर बसवता यायचं, पण ते तसं सुचवत नसे, खनपटीला तर अजिबात बसत नसे. आता नवी सिस्टीम बूट केली की मी वायफाय बघते, आवाज बघते, झाकण मिटवून उघडते, आणि तो आयकॉन कचऱ्यात टाकते. पुढच्या खेपेला तो पुन्हा तिथेच असतो. असणारच म्हणा.